नकाशा नसलेले जंगल

तुम्हाला सांगते, निवृत्त नवऱ्याच्या हाती व्हिडिओ गेम देऊ नये. हट्टा गावी भाचीचे लग्न. नवरीला मांडवात आणायचे ते मामाने, म्हणजे यांनीच. मी नेसून दारात उभी आणि हे टीव्हीवरच्या जंगलात हरवलेले! नकाशा, घड्याळ, जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी, सगळे यांनी स्वतःच पडद्यावरून घालवलेले.

"अहो, तो नकाशा लावा आणि उठा."

"अवो, खऱ्या जंगलात कोपऱ्यात नकाशा राह्यते का? तंबू सापडू दे. त्याबिगर खेळ सेव्ह नाही होत."

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा निघाला का नाही? पोरगी खोळंबून राह्यली!"

मी भिंतीवरचे बटणच बंद केले.

"आता पडद्यावर काहीच नाही. अगदी खरे वाटेल. चला!"