नळीच्या आतलं नाव

जमलेल्या मंडळींनो, वहिनी, आणि मागे बसलेल्या मुलांनो. तुमची शाळा तमिळ, मराठी कळतं पण बोलता येत नाही, म्हणून सावकाश बोलतो.

किट्टूरावाच्या फोटोपुढे ज्या वस्तू मांडल्यात, त्यांतलं अंतराळवीराचं शिरस्त्राण माझ्या हातचं. शेतातल्या फवारणी पंपाची पितळी टाकी कापून केलं. तोंडाशी जाळी आहे ती मोरीची. मनगटावर बांधायचं यंत्र माझ्या हातचं. स्विचची काळी पेटी, रेडिओची बटणं, सायकलच्या ब्रेकची तार. तो निळा संदेशदिवाही माझाच. बंदूक माझी नाही. बंदूक किट्टूची. ज्याचं त्याला द्यावं.

मी कुठल्या पॉलिटेक्निकात शिकलो नाही. किट्टूही नाही. इथल्या कीळवासल पेठेत त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि माझ्याकडे कानस होती. सिनेमातल्या वस्तू भंगारातून करायच्या, हा आमचा खेळ एवढ्यावर चालला.

परग्रहावरचा एक इंग्रजी सिनेमा आम्ही व्हिडिओवर पाहिला. त्यातली बंदूक करायची ठरली. कॅसेट थांबवली की चित्र थरथरायचं. मी म्हणालो, नळीला सहा भोकं. माझ्या शब्दावर त्यानं सायकल पंपाच्या नळीला सहा पाडली. मग म्हणाला, "डोळे तपासून घे. सात आहेत." पुन्हा तीन दिवस कॅसेट भाड्यानं आणली. सात निघाली. सहावाली नळी भंगारात गेली. कुणी मोजणार होतं का? किट्टू मोजणार होता.

पुढे स्टोव्हचा बर्नर बसला, दाराची मूठ बसली. पितळ नुसतं चकाकत होतं. किट्टू म्हणाला, "ही तिकडे वीस वर्षं वापरलेली आहे. आजच माझ्या दुकानातून आणल्यासारखी दिसून कसं चालेल?" मीठ, चिंच, समईची काजळी. महिनाभर बसला. जिथे बोट टेकतं तिथेच झीज, बाकी काळवंडलेलं. मला ते जमलं नसतं. हे मी आयुष्यात फार लोकांबद्दल म्हटलेलं नाही.

शेवटी आतल्या नळीवर त्यानं स्वतःचं नाव कोरलं. त्याचीही शाळा तमिळच, देवनागरी लिहिता येत नव्हती. मी कागदावर काढून दिलं, त्यानं एकेक अक्षर खिळ्यानं ठोकून उतरवलं. बाहेरून दिसत नाही. नळी कशी उघडायची ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

आता मघाशी आपल्या मराठी संघाचे सेक्रेटरी काय म्हणाले? "किट्टूरावांनी जपलेलं राजवाड्यातलं जुनं शस्त्र." ऐकलंत ना? मला किळस आली. शोकसभेत हा शब्द बरा दिसत नाही, पण दुसरा सापडत नाही.

हे शस्त्र राजवाड्यात कधी गेलं ते सांगतो. गेल्या मंगळवारी. किट्टूचा दहावाही झाला नव्हता. सेक्रेटरी एका माणसाला घेऊन माझ्या घरी आले. जुन्या वस्तूंचा व्यापारी. किट्टू असताना हाच दुकानात येऊन विचारून गेला होता, ही वाड्यातली का? किट्टू म्हणाला होता, "हो, पण तो वाडा या पृथ्वीवर नाही."

माझ्या घरी येऊन म्हणतो, "सार, फॉरेनचं गिऱ्हाईक आहे. आत काहीतरी खुडबुडतं, उघडून द्या. नाव असलं तर घासून टाका. आणि एका कागदावर सही, जुनी आहे म्हणून." सेक्रेटरी म्हणाले, "तुमचा वाटा वेगळा. वहिनींचंही भलं होईल."

किट्टूनं महिनाभर काजळी लावली ती खोटं बोलायला? खेळातली गोष्ट खरी दिसावी म्हणून लावली. त्या हातावर थुंकल्यासारखं वाटलं मला. माझी काफी पिऊन बोलत होते दोघं.

विकायची का, असं वहिनींना मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. गरज मला नाही, त्यांना आहे. त्या म्हणाल्या, "भावजी, एवढं सात भोकांसाठी भांडलात, आणि आता माणूसच घासून काढता?"

सेक्रेटरी, बसा. माझं संपत आलंय.

मंडळी, मी नळी उघडून ठेवली आहे. जाताना एकेकानं वाकून आत बघा. मुलांनो, वाचता येत नसेल तर आईला विचारा. तिलाही येत नसेल तर मी इथेच उभा आहे. आता किट्टूसाठी दोन मिनिटं उठून गप्प उभे राहा. गप्प राहण्याआधी एवढं ऐका. हे नाव कानशीनं घासायला दहा मिनिटं लागली असती. त्या दहा मिनिटांचे मला पंचवीस हजार रुपये देत होते. मी नाही म्हणालो.