जानेवारीतला सूर्य

खरं बोलल्याने माणूस चोर ठरू शकतो, हे मला झरी जामणीकडच्या एका गावात कळलं. बंगळुरूहून शिकून नुकताच परतलो होतो. गावात पर्जन्यमापक बसवायचं माझ्या मनात होतं आणि त्या अर्जावर गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या.

मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या गफूरभाईंच्या दुकानासमोर पाच-सहा जण बसले होते. गफूरभाईंनी अर्ज हातात घेतला. "पहिले एक सांग. पृथ्वी सूर्याजवळ सरकली म्हणून गरमी वाढून राह्यली ना?"

"नाही भाई. कोळसा, पेट्रोल जाळून निघणारा वायू उष्णता अडकवतो. अंतराचा संबंध नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ तर जानेवारीत असते."

"म्हंजे आम्ही शेकोटी पेटवतो तवा?"

"हो."

"अन् मे महिन्यात?"

"त्याहून दूर."

गफूरभाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. "अन् वरून सही मागते. कोन्या कंपनीचा हायेस बे तू?"

मी पृथ्वीचा कललेला आस समजावू लागलो, तसे त्यांच्यातले दोघे उठून गेले.

तेवढ्यात तिथेच बसलेल्या वच्छलाकाकू म्हणाल्या, "पोरगा खरा दिसते. ठग असता तर आपल्याले पटंल असंच बोलला असता. बोंडअळी लागनारच नाही म्हननारा बियाण्याचा एजंट कसा पटला होता सगळ्याइले?"

गफूरभाईंना हे पटलं. त्यांनी सही केली. मग मागून कोणी काही लिहू नये म्हणून खालच्या सगळ्या कोऱ्या जागेवर रेघा ओढल्या.

बाकीच्यांच्या सह्यांना जागाच उरली नाही.