शेवटची गाडी येईपर्यंत

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न घेऊन उभी आहे. ज्या गोष्टीची आपल्याला काडीची गोडी नाही, तिच्यातला दुसऱ्याचा आनंद आपल्याला सांभाळता येतो का?

गणपतीला आपण मोदक करतो. कुणी म्हणतं का, 'बाप्पा, गोड पुरे, आज कारलं खा'? नाही म्हणत! आणि घरातल्या माणसाला? तिथं ताट आपल्या आवडीचं!

आज माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध. म्हणून आख्यान पुराणातलं घेत नाही, घरातलंच घेते.

तात्या, म्हणजे रंगनाथ धायगुडे. तुम्ही बहुतेक सगळे त्यांच्या एसटीत बसलेले आहात. इतकी सावकाश गाडी, की बैलगाडीवाला मागून ओरडायचा, "ड्रायव्हरसाहेब, वाट द्या!" हसा, हसा — तेही हसायचे. आणि निवृत्त झाल्यावर या माणसाला नाद कसला लागावा? टीव्हीवर शर्यती बघण्याचा! मोटारींच्या, फटफट्यांच्या, वाळवंटातल्या, बर्फावरच्या — अहो, ट्रकांच्यासुद्धा!

आमच्या आक्का, तात्यांची थोरली बहीण — या काय, पुढंच बसल्यात — त्या चिडायच्या. "रंगा, एक काहीतरी धर की. सतरा शर्यती कशाला?"

तात्या म्हणाले, "आक्का, तू सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती करतेस. मी विचारलं कधी?"

आक्का, खरं की नाही? — मान हलली बघा!

मग साखरेनं तात्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी पडद्यावरचे आकडे गेले, मग रंग, मग पडदाच. तरी रविवारी दुपारी खुर्चीत येऊन बसायचे. वर्णन इंग्रजीत, ते कळायचं नाही. उरला इंजिनांचा आवाज. मी शेजारी पुस्तक घेऊन.

"मंदे, काय चाललंय?"

"निळी पुढं आहे."

"मग?"

"लाल मागं आहे."

तात्या हसले. "अगं, तू बातम्या देतेस. मला वळण दे."

मला वळण दे! मंडळी, आयुष्यभर पुस्तकं वाचली. असं मागणं माझ्याकडं कुणी केलं नव्हतं. पुस्तक खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. "वळण उजवीकडं आहे, तात्या. लालवाला आत घुसतोय… निळ्यानं वाट अडवली!"

"मग आता बाहेरनं जाईल."

"गेला!"

त्यांनी मांडीवर अशी थाप मारली, की शेजारची मांजर पळाली. तेव्हापासून बघायचं मी आणि रंगायचं त्यांनी. ट्रक लागले की म्हणायचे, "जरा हळू सांग गं, त्यांना दम लागतो."

नियम एकच होता. शेवटची गाडी आत आल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही! "स्टँडवर माणूस पळत येताना दिसला, तर गाडी काढतो का आपण?" झालं. बसा!

पुढं तात्यांनी अंथरूण धरलं. एका रविवारी आक्का पोथी घेऊन आल्या. "मंदे, आता वेळ थोडा आहे. चार शब्द देवाचे कानावर पडू देत. बंद कर त्या फटफट्या."

"आज ट्रक आहेत, आक्का."

"ट्रक असोत नाहीतर रणगाडे!"

काय करावं सांगा! आक्कांचं चुकत होतं का? नव्हतं. त्या भावासाठीच आल्या होत्या. मी आवाज बंद केला. आक्कांनी पोथी उघडली, चष्मा लावला. तात्यांचे ओठ हलले. मी वाकले, तर म्हणतात, "वळण कसलं आहे?"

मी आक्कांकडं बघितलं. आणि सांगायला लागले. "उताराचं आहे, तात्या. पाऊस लागलाय. पिवळा ट्रक पुढं होता, तो चाकं बदलायला थांबला…"

आणि पोथीमागून आवाज आला, "मेला थांबला कशाला? पुढं होता की!"

आक्का! चष्मा कपाळावर, बोट पोथीत, नजर पडद्यावर! तात्या त्या दुखण्यातही हसले. चादरीवर त्यांचा हात गिअर टाकल्यासारखा हलत होता.

शर्यत संपली. पहिले तिघं एकमेकांना बाटलीतल्या फेसानं आंघोळ घालत होते. तात्यांनी विचारलं, "शेवटची आली का?"

"दाखवत नाहीत, तात्या."

खोटं 'आली' म्हणता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांवर त्यांनी भरवसा टाकला होता. आम्ही तिघं थांबलो. बराच वेळ नुसती माणसं, छत्र्या, टाळ्या. आणि मग त्या गर्दीच्या मागं, कोपऱ्यात — एक हिरवा ट्रक!

"आली, तात्या! धूर ओकत आली, पण आली."

"आवाज मोठा कर," आक्का म्हणाल्या. बंद ठेवायला सांगणाऱ्या आक्का! मी केला. घरघर ऐकू आली. तात्यांनी मान डोलवली आणि म्हणाले, "आता वाच, आक्का."

आक्कांनी वाचलं. दिवेलागणीपर्यंत वाचलं. तात्या ऐकत होते.

पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही.

सुतक संपल्यावर एका रविवारी आक्का आल्या. हात रिकामे. तात्यांच्या खुर्चीशेजारी पाट घेतला. मग म्हणाल्या, "लाव गं. आज मोटारी आहेत का फटफट्या?"

मी लावला. खुर्चीकडं तोंड करून वळण सांगायला लागले, सवय! आक्कांनी टोकलं नाही.

आता तुमच्याकडं येते, मंडळी. तुमच्याही घरी कुणीतरी काहीतरी बघत बसलेलं असेल. तुम्हाला ते रिकामपण वाटत असेल. आज घरी गेलात की त्यांच्या शेजारी टेका. गोडी लागेल न लागेल — एवढं विचारा, 'काय चाललंय?' आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका.

आरती घेऊ. थांबा — मागं, चपलांपाशी कुणीतरी आत्ताच आलंय. त्यांना पुढं येऊ द्या. मग दिवा लावू.