आबांचं ठेवणीतलं धोतर

हसू नका बे, आधी ऐका. पोरगी तीन महिन्यांची. रोज डायपर घालून तिच्या मांड्या लालभडक झालत्या. आई म्हनली, "काढून टाक ते. आबांचं जुनं धोतर फाड अन् लंगोट कर. लई मऊ असतंय." म्या पेटी उघडली, पांढरं धोतर दिसलं, टराटरा फाडलं. चार दिवसांत चट्टे निवळले. बायकोबी खूश.

पाचव्या दिवशी पालीला लग्न. आबा आंघोळ करून पेटीत हुडकाय लागले. "माझं ठेवणीतलं धोतर कुठंय?"

म्या खुंटीकडं पाह्यलं. विरलेलं जुनं धोतर खुंटीवर तसंच लटकत होतं, अन् दोरीवर लंगोटांचे लाल काठ फडफडत होते!

आबा दोनदा सरपंच झालेले. गावानं त्यांना पायजम्यात कधी पाह्यलेलं न्हाई. म्या शिव्यांची वाट बघत उभा. आबांनी पाळण्यात वाकून पोरीच्या मांड्या निरखल्या, अन् गुमान माझा पायजमा घालून निघाले.

मांडवात एका पाव्हण्यानं विचारलंच, "आबा, आज धोतर का न्हाई?"

आबा म्हनले, "आमच्या घरचा पुढारी बदललाय. धोतर आता नात नेसती."