ह्यांच्या नावावरची साखर

—अहो सिस्टर, माझी बोटं काय बघताय, बसा आधी. आत हे झोपलेत आता. सकाळी न्हाणीघरात घामाघूम होऊन कोसळले — साखर पार उतरली म्हणे. उतरेल नाहीतर काय? डॉक्टर इन्शुलिन वाढवतच सुटलेत. रोजचा साखरेचा चढलेला आकडा फोनवर कळवतो ना आम्ही, त्यावरून. — ही टोचलेली होय? ती रोजचीच. ह्यांना रक्त बघवत नाही. एवढा कारखाना चालवला, माणसं चळाचळा कापायची समोर, आणि बोटातून थेंब काढायचा म्हटलं की तोंड एवढंसं! पोटातली सुई चालते, मान फिरवून घेतात. मला म्हणाले, तुझं रक्त घे, एकाच स्वयंपाकातलं जेवतो आपण, फरक काय पडणार? घेतलं. आजवर ह्यांचं कुठलं म्हणणं मोडलंय मी?

किळस येते हो, खोटं कशाला बोलू. ह्यांचे पाय पुसा, नखं काढा, थुंकी झेला — खोलीत तो आंबूस वास, आणि वर पलंगावरून हुकूम. मुलांनी वर-खाली होणारा पलंग आणला, हवेची गादी आणली. माझ्या टाचेची जखम कधीची चिघळतेय, तर सूनबाई म्हणते, आई, वय झालं आता. घसा कोरडा पडतो, रात्री सारखं उठावं लागतं — तेही वयच. डॉक्टरांपुढे एकदा पाय केला, तर म्हणाले, जरा बाजूला व्हा, साहेबांचं बीपी घेऊ दे. पैशाला तोटा नाही हं घरात. पण आजारी पडायचा मान एकट्या ह्यांचा.

काय म्हणालात, कुणाचा आकडा? आकडा माझ्या रक्ताचा जायचा, सांगितलं ना मघाशी —

म्हणजे?

म्हणजे ती वाढलेली साखर... माझी? आजार मला, आणि औषध ह्यांच्या पोटात? शी! जन्मभर सगळं ह्यांच्या नावावर केलं — घर, दागिने — आणि दुखणं माझं, तेही ह्यांच्याच नावावर! आणि मी मेली रोज सकाळी आपल्या हातानं टोचून घेतेय.

ऐकलंत? उठले वाटतं, हाका मारतायत. पाणी हवं असेल, नाहीतर उशी सरकली असेल. — तुम्ही कुठे निघालात? बसा. उशाशी तांब्या आहे, हात धड आहेत त्यांचे. ते दार लोटून घ्या आधी, आणि माझी टाच बघा.