हैबतीच्या ट्रकची चासी

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा आणि सांगा — माणूस शूर कधी म्हणायचा? जोरात निघाला तेव्हा, की सगळ्या गावासमोर थांबला तेव्हा? नका, इतक्यात बोलू नका. आधी हैबतीला भेटा!

हैबती काळोखे. ट्रक स्वतःचा, मिशा स्वतःच्या — आणि ऐट दोघांची मिळून! खाणीत दगड भरला की सडकेनं यायचं नावच नाही. सरळ ओढ्यात घालायचा! एक चाक धोंड्यावर, दुसरं खड्ड्यात, गाडी धुतल्या धोतरासारखी पिळवटतेय — आणि हा आत शीळ घालतोय! म्हणायचा, "रस्ता लागतो दुसऱ्यांना. माझ्या गाडीला न्हाई!"

मग केबिनचं दार नीट लागेना. हैबती म्हणाला, दार जुनं झालं. गाडी एका अंगाला कलायला लागली. म्हणाला, माल वाकडा भरला! मंडळी, दोष दाराचा, दोष मालाचा — आपला कधी असतो का हो?

आली खंडेनवमी. देवीच्या शिखराचा दगडी कळस हैबतीच्या ट्रकमधून डोंगरावर जायचा, सोबत गावची चाळीस माणसं. केवढा मान! आता गाडी धुवायची आपली रीत काय? काच, बोनेट, नंबरपाटी — हार घालायचा तेवढंच! पण त्याची बायको गजराबाई पातेल्याचं बूडसुद्धा घासल्याशिवाय न सोडणारी. नळी घेऊन शिरली गाडीखाली. वर्षाचा चिखल गळून पडला आणि खालून हाक आली, "अवं, जरा वाकून बघा!"

हैबती वाकला. मागच्या चाकांवर भार तोलणाऱ्या कमानीचे दोन लोखंडी पाटे तुटलेले. आणि कमान जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या कण्यालाच धरते, तिथंच वीतभर चीर!

तेवढ्यात ढोल आले. कळस चढला, माणसं चढली. सरपंच ओरडले, "हैबती, मार स्टार्टर!"

काय झालं असेल हो त्याच्या जिवाचं? चीर पाहिलीय दोघांनीच. घाटाचा एकच तर फेरा! त्यानं चावी लावली. आरशात बघितलं — मागं म्हातारी भागाक्का नातीला मांडीवर घेऊन हसत होती.

हैबतीनं चावी काढली. खाली उतरला. "उतरा समदी! चासी चिरलीया. धोंड्यातनं दामटून म्याच मोडली. खोटं वाटत आसंल तर वाका!"

ढोल थांबले. सरपंच फेटा धरून वाकले. एकेक करत सगळं गाव वाकलं. शेवटी भागाक्का कडाडली, "बघताय काय? घ्या कळस खांद्यावर!"

पहिला खांदा कुणाचा? हैबतीचा! सबंध घाट त्यानं खांदा बदलला नाही. आणि गजराबाई? अशी मान ताठ करून चालली, जणू कळस तिच्याच घरावर चढणार होता!

त्याच कळसाखाली आज आपण बसलोय, मंडळी. आणि तो बघा हैबती — मागं, खांबाजवळ! लाजतोस काय? ऊठ, दिसू दे गावाला! आम्हांला अभिमान आहे तुझा!

आणि तुम्ही हो? परवा पुन्हा खंडेनवमी येतेय. हार घालाल, नारळ फोडाल. पण आधी वाकाल का? आणि चीर दिसली — तर ढोल वाजत असताना सांगाल का? सांगणार असाल, तरच हात वर करा आणि मोठ्यानं देवीचं नाव घ्या!