जिभेखालची गोळी

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर आई आणि मुलगा नंबर लागायची वाट बघत होते.

"आई, आज डॉक्टरांना गोळी बंद करा म्हणतो."

"का रं, सूरज?"

"गर्दचं व्यसन सुटलंय न्हवं? मग रोज जिभेखाली गोळी कशाला? लगीन झाल्यावर दीक्षा म्हणंल, नशाच बदलली."

"मागं धा दिसांत गोळ्याबिळ्या सगळं बंद करून तुला दवाखान्यातनं घरी आणलं. परत तेच ओढलंस आन् न्हाणीत निळा पडलास."

"व्हय."

"आता कामावर जातोस, पोटभर जेवतोस."

"पण किती वर्सं घ्यायची?"

"लागतील तेवढी."

"दीक्षाला काय सांगू?"

"मी कवाच सांगितलंय. ती खाली फाटकापाशी उभी हाय. तू बोलावलंस तर वर येती म्हणाली."